रंग लावण्याआधी लाकूड दाखवा

कुवेतच्या सल्वा भागातल्या आमच्या अंगणातली स्ट्रॉबेरी उन्हाने मेली, असं ज्यांच्या कानावर आलं आहे त्यांनी आधी हे वाचावं. ती जानेवारीत मेली. कुवेतमध्ये जानेवारीच्या पहाटे पारा आठ-दहावर उतरतो, मुलांना शाळेत पाठवताना स्वेटर शोधावे लागतात. त्या दिवसांत ऊन कोणाला मारत नाही. पाणी जास्त झालं, असंही एक मत ओळखीच्या मंडळींत फिरतं आहे. ते कुठून निघालं हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याच्याकडे येतेच.

माझं माहेर वाईचं, मामांची जमीन भिलारला. २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून सगळे भिलारला जायला लागले. आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून जात होतो, ते मामांच्या स्ट्रॉबेरीत राबायला. रोपाचा गड्डा मातीत गाडायचा नाही, गाडला की सडतो; पण मुळंही उघडी टाकायची नाहीत, हे ओरडून ओरडून शिकवलेलं आहे मला. तेव्हा ‘वहिनी, स्ट्रॉबेरी थंड हवेचं पीक असतं हो’ असं कोणी समजावू लागलं की हसू आवरत नाही. महाबळेश्वरला लावतात त्या विंटर डॉन आणि स्वीट चार्ली या जाती मुळात फ्लोरिडातल्या विद्यापीठात तयार झालेल्या. तिथेही वाळूची जमीन, आणि पीक फक्त हिवाळ्याचं. कुवेतचा नोव्हेंबर ते मार्च या पिकाला पुरेसा आहे. वफ्रा आणि अब्दलीच्या शेतांवर लोक ती पिकवतात. म्हणजे माझ्या डोक्यात काही भलतं शिरलं नव्हतं.

आमचं घर व्हिलाच्या तळमजल्यावर. पुढे फरशीचं अंगण, इथे त्याला होश म्हणतात. माती नाही. म्हणून लाकडाची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करायची ठरवली. स्ट्रॉबेरीला ती मानवतेही. बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, पाणी साचत नाही, आणि फळ काठावरून बाहेर लोंबतं, मातीला टेकत नाही. मुलीच्या आलेखाच्या वहीतला कागद घेऊन मी चित्र काढलं: उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून तीन पायऱ्या, तोंड दक्षिणेला. प्रत्येक पायरी आठ इंच उंच, आठ इंच रुंद. फळी किमान इंचभर जाड. लाकूड नवीन. हे ‘नवीन’ मी दोनदा अधोरेखित केलं होतं.

आता ते गृहस्थ. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. बांधकामाचे ठेकेदार, इथे वर्षानुवर्षं, कुठलाही कार्यक्रम असला की खुर्च्या-मंडपापासून सगळ्यात पुढे. माणूस कामाचा, हे मीही म्हणत होते. माझा कागद पाहून म्हणाले, ‘वहिनी, शुवैखच्या सुतारांकडे कशाला जाता फसायला? माझे सुतार साइटवर बसलेत. ४५ दिनार द्या. तुमच्याकडून नफा घेणार आहे का मी?’

या शेवटच्या वाक्यापासून सावध राहा. नफा न घेणाऱ्या माणसाला पावती मागता येत नाही. त्याने दिलेली तारीख टळली तरी विचारता येत नाही. वस्तू दारात आल्यावर ती उलटी करून तळ बघता येत नाही, कारण तो सोफ्यावर बसून चहा पीत असतो आणि आपण पोहे करत असतो.

वस्तू आली तीही पायऱ्यांची नाही. चौकोनी मनोरा: खाली चार फुटांचा चौक, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. फोनवर कुठल्याशा युरोपातल्या बागेचा व्हिडिओ दाखवला. ‘हे बघा, चारी बाजूंनी रोपं, तुमच्या डिझाइनपेक्षा भारी.’ मी म्हटलं, उत्तरेच्या बाजूला ऊन येणार नाही. यावर खोलीतले सगळे खदखदून हसले. कुवेतमध्ये ऊन कमी पडणार!

हिशेब सांगते, कारण तो हसण्याने बदलत नाही. कुवेत साधारण साडेएकोणतीस अक्षांशावर. डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेला जेमतेम ३७ अंशांवर असतो. आठ इंच उंच, आठ इंच रुंद अशा पायऱ्यांचा उतार ४५ अंशांचा होतो. सूर्य त्याच्या खाली, म्हणजे मनोऱ्याची उत्तरेची बाजू नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारीदेखील सावलीत. फुलं-फळं धरायचा काळ नेमका तोच. युरोपात ते लोक मे-जूनमध्ये फळं काढतात, तेव्हा त्यांचा सूर्य उंच असतो. त्यांचा मनोरा त्यांना लखलाभ. इथे भिंतीला टेकलेल्या दक्षिणमुखी पायऱ्याच करा.

पण रोपं सावलीनेही मेली नाहीत. उत्तरेची खुरटली, फुललीही नाहीत, पण जगली बराच काळ. पहिली गेली ती दक्षिणेची, सगळ्यात जास्त ऊन खाणारी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

बाहेरून गडद अक्रोडी रंग, चकचकीत. आतून काळं डांबर. ‘वॉटरप्रूफिंग करून दिलंय वहिनी, प्लॅस्टिक घालायची गरज नाही.’ खाण्याच्या पिकाला डांबर कशाला, असं मी विचारलं. ‘पाण्याच्या टाकीलाही लावतात’ असं उत्तर आलं. मी तरीही प्लॅस्टिकचं अस्तर घालणार होते, तर ‘मग हवा कशी खेळणार’ म्हणून दोन-तीन अनुभवी बागवानांनी मला घरात येऊन थांबवलं. त्यांच्यापैकी एकाच्याही घरी तुळस धड जगलेली मी पाहिलेली नाही.

माती मात्र मी माझ्या मनासारखी केली. अल-राईच्या नर्सऱ्यांमधून पीटमॉस आणला. तिथले विक्रेते त्याला बेतमूस म्हणतात, अरबीत प नाही म्हणून. त्यात परलाइट, धुतलेली वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत. इथली जमीन चुन्याची, अल्कधर्मी. स्ट्रॉबेरीला साडेपाच ते साडेसहा सामू लागतो. तेव्हा अंगणाबाहेरची वाळू उचलून भरायचा मोह टाळा. आणखी एक: चार फुटांचा तीन थरांचा मनोरा भरायला जवळजवळ साडेचारशे लिटर मिश्रण लागतं, आणि पाणी दिल्यावर त्याचं वजन अर्ध्या टनाच्या घरात जाऊ शकतं. बाल्कनीत हा प्रकार करू नका. गच्चीवर करायचा असेल तर मालक आणि हारिस (इमारतीचा राखणदार) दोघांना आधी विचारा. १२ जून २०२४ ला मंगफच्या इमारतीत आग लागून जवळपास पन्नास माणसं गेली, त्यांतली बहुतेक आपली भारतीय. तेव्हापासून गच्चीवर, जिन्यात ठेवलेल्या सामानाकडे कडक नजरेने पाहिलं जातं, आणि ते योग्यच आहे.

पाण्याचं तर मला कोणी सांगूच नये. १९५३ मध्ये शुवैखला समुद्राचं पाणी गोडं करणारा सरकारी कारखाना आला. त्याआधी या गावाला प्यायचं पाणी शत्त-अल-अरबहून होड्यांतून येई. आजही व्हिलांना दोन लाइन असतात, एक गोड्या पाण्याची आणि एक बागेसाठी मचूळ. त्या मचूळ पाण्यावर खजूर तगतो. शेतीशास्त्राच्या तक्त्यात मातीची क्षारता मीटरला ४ डेसीसायमनपर्यंत गेली तरी खजुराचं उत्पन्न घटत नाही, टोमॅटो अडीचपर्यंत सोसतो, स्ट्रॉबेरी एकच्या वर कुरकुरायला लागते. पानांच्या कडा करपल्या की ती मिठाची खूण. म्हणून मी पहिल्या दिवसापासून गोडं पाणीच दिलं, तेही बोट मातीत खुपसून, ओल बघून.

डिसेंबरअखेर दक्षिणेच्या खालच्या ओळीतली रोपं मान टाकायला लागली. पानं आधी निस्तेज, मग पिवळी, मुळं उपटून पाहिली तर तपकिरी, गुळगुळीत. मधल्या थरातही तेच सुरू झालं. सगळ्यात वरच्या लहान चौकात मात्र चार रोपं टवटवीत, पांढरी फुलं, एकावर हिरवं फळही. तीच माती, तेच पाणी, एकाच दिवशी लावलेली, एकाच नर्सरीतली. मी फोटो पाठवला तर ठेकेदारसाहेबांचं उत्तर: ‘पाणी जास्त होतंय वहिनी.’ झालं. ते वाक्य तिथून सुटलं आणि गावभर झालं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी पाणी घातलं, खालच्या कोपऱ्यातून निथळ फरशीवर आली आणि उन्हात तिच्यावर इंद्रधनुष्य उमटलं. आधी वाटलं, शेजाऱ्याच्या गाडीचं तेल. पण गाडी फाटकाबाहेर, आणि तवंग सुरू होत होता माझ्या फळीच्या सांध्यातून. वाकून वास घेतला. डिझेलसारखा. स्वयंपाकघरातली जुनी सुरी आणली आणि दक्षिणेच्या फळीवरचा अक्रोडी रंग खरवडायला बसले. रंगाखाली लांबी भरलेली. लांबीखाली सिमेंटचा करडा पापुद्रा. तो निघाला तशी खिळ्यांची जुनी भोकं, एकाशेजारी एक. लाकूड काळपट, तेल प्यायलेलं, बोट लावलं तर बोट चिकट. मग आतून माती उकरली. डांबर ठिकठिकाणी मऊ होऊन सुटलं होतं, आणि त्याखाली लाल रंगात अरबी आकडे, साइटवर फळ्यांवर लिहितात तसले.

सेंट्रिंगच्या फळ्या. स्लॅब ओतताना खाली ठोकतात त्या. सिमेंट चिकटू नये म्हणून त्यांना दरवेळी तेल चोपडतात: बरं असलं तर त्या कामाचं खास तेल, नसलं तर डिझेल, नाहीतर गाडीतून काढलेलं जळकं ऑइल. कितीतरी स्लॅबांचं तेल त्या लाकडात मुरलेलं. डांबर आणि तेल दोन्ही एकाच खनिज तेलाच्या कुळातली, तेलाने डांबर विरघळतं. म्हणून ते ‘वॉटरप्रूफिंग’ आतून सुटलं. दक्षिणेच्या फळीवर ऊन जास्त, लाकूड तापलं की तेल पाझरतं, म्हणून दक्षिणेची रोपं आधी गेली. आणि वरचा लहान चौक? तोही खरवडला. पांढरं, नवं, स्वच्छ व्हाइटवुड. जिथे हात लागतो, नजर जाते, तेवढंच नवं लावलं होतं.

किती वेळ मी त्या फरशीवर बसले होते सांगता येत नाही. मेलेल्या रोपांचं एवढं वाटलं नाही. पण मुलीने त्या हिरव्या फळाखाली रोज बोट धरून माप घेतलेलं, आणि वरचं असलं तरी ते तिला खाऊ द्यायचं की नाही हे मला ठरवता येईना. शेवटी नाही दिलं. जळक्या ऑइलमध्ये जड धातू असतात, कर्करोगाशी नाव जोडलेली रसायनं असतात. रडली ती.

फोन लावला. इथून पुढचं जसंच्या तसं.

‘वहिनी, सेंट्रिंगचं लाकूड म्हणजे कणखर. पाण्यातच राहिलेलं असतं ते.’

मी म्हटलं, नवीन ठरलं होतं.

‘४५ दिनारमध्ये काय बर्माचा साग येणार का?’

साग मी मागितलाच नव्हता. माझ्याकडे त्यांचाच मेसेज आहे: ‘नवीन व्हाइटवुड, निश्चिंत राहा.’ तो वाचून दाखवला. थोडा वेळ शांतता, मग म्हणाले, ‘ते वरचं आहे ना नवीन.’ आणि वर, ‘तुम्ही एवढं मनाला लावून घ्याल असं वाटलं नव्हतं.’ फळ्या परत नेतो म्हणाले, पैशांबद्दल चकार शब्द नाही. फळ्याही नेल्या नाहीत.

त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू. त्यांच्या सौभाग्यवतींनी वाण देता देता चारचौघींत सांगितलं, ‘यांनी इतक्या आपुलकीने करून दिलं हो, पण झाडांचं ज्याला त्याला जमतंच असं नाही.’ माझ्या हातात तिळगूळ होता. गोड बोलायचा दिवस, म्हणून गप्प बसले. आज बसत नाही आहे.

कुवेतमध्ये ग्राहक संरक्षणाचा कायदा आहे, २०१४ चा ३९ क्रमांकाचा, आणि वाणिज्य मंत्रालय तक्रारी घेतं. पण तक्रार दुकानाविरुद्ध होते, हातात बिल असताना. सोफ्यावर चहा पिणाऱ्या आपल्या माणसाविरुद्ध कुठे जाणार? शिवाय परदेशात गाव लहान असतं, उद्या गणपतीत त्याच्याशेजारी उभं राहून आरती म्हणायची असते. हे त्याला माहीत असतं. त्याच्यावरच त्याचा धंदा चालतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी.

लाकूड रंगाआधी, रंध्याआधी, कापण्याआधी बघा. सुतार ‘नंतर या’ म्हणाला तर दुसरा सुतार गाठा. तेल प्यायलेलं जुनं लाकूड वजनाला जड लागतं, कडांना काळी रेघ असते, आणि उन्हात पंधरा मिनिटं ठेवून नाक लावलं तर सगळं सांगून टाकतं. शंका आली तर कोपरा कापायला लावा, आतला रंग आणि बाहेरचा रंग एक असायला हवा. हिरवट झाक असलेलं दाबप्रक्रियेचं जुनं लाकूड आणू नका. त्यात आर्सेनिक असू शकतं. अमेरिकेतदेखील घरगुती वापरासाठी ते २००३ अखेर थांबवलं गेलं. रेल्वेचे जुने स्लीपर तर मुळीच नकोत.

पॅलेट फुकट मिळतात म्हणून बरेच जण त्यांच्या मागे असतात. मिळत असतील तर घ्या, पण शिक्का वाचा. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखी खूण आणि बाजूला रोमन अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, गाभ्यापर्यंत ५६ अंश, अर्धा तास. ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. ते नको. शिक्काच नसेल तर पॅलेटचा इतिहास कोणालाच माहीत नाही असं समजा. आणि ‘एचटी’ असलं तरी त्यावर काय सांडलं होतं ते शिक्का सांगत नाही, त्यामुळे डाग बघा.

आतून रंग, डांबर, पॉलिश काही नको. जाड प्लॅस्टिकचं अस्तर स्टेपलने ठोका, तळाला वीतभर अंतरावर भोकं पाडा. हवा खेळते, माझ्यावर विश्वास ठेवा. बाहेरून फिका रंग द्या. गडद रंगाची फळी मार्चच्या उन्हात हात लावू देत नाही, मग मुळांचं काय होत असेल. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, समुद्राची हवा साध्या स्क्रूला सोडत नाही.

बाकी नेहमीचंच. रोपं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये लावा. रनर सुटले की खुडा, नाहीतर सगळी ताकद त्यात जाते. मैना आणि बुलबुल फळ लाल व्हायच्या आदल्या दिवशी येतात, जाळी आधीच लावा. मार्चनंतर पन्नास टक्क्यांची शेडनेट. धुळीचं वादळ येऊन गेलं की पानं हलक्या फवाऱ्याने धुवा, धुळीत लाल कोळी माजतो. मे महिन्यात निरोप द्यायची मनाची तयारी ठेवा. मित्रिबाहला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंशांची नोंद झालेला देश आहे हा, इथे स्ट्रॉबेरी वर्षायू पीक धरूनच चालायचं.

आणि त्या तेलकट फळ्या हिवाळ्यात वाळवंटातल्या तंबूवर शेकोटीला किंवा बार्बेक्यूला कोणी मागितल्या तर देऊ नका. धूर पोटात जातो. मी माझ्या फळ्यांसाठी कचऱ्याच्या गाडीवाल्याला वेगळे पैसे दिले.

यंदाची मांडणी शुवैखच्या एका सुताराकडून करून घेतली. मराठी नाही, ओळखीचा नाही, कोणाच्या शब्दाखातर नाही. माझ्या मूळ कागदावरून, तीन पायऱ्या, दक्षिणेला तोंड. गोदामात नेऊन फळ्यांचा ढीग दाखवला, मी निवडल्या त्यावर खडूने खूण केली, पावतीवर लाकडाचं नाव, जाडी आणि रक्कम लिहिली. ५७ दिनार. त्या आपुलकीपेक्षा १२ दिनार जास्त.

फेब्रुवारीत पहिली ताटलीभर निघाली. मुलीने फोटो काढून माझ्या स्टेटसला लावला. तासाभरात ठेकेदारसाहेबांचा मेसेज, सोबत हसरा चेहरा: ‘वा वहिनी! आमचा वाटा कुठे?’